भिंत, गाणी, नाटक आणि तारखा : खान्देशातल्या कलाकारांचे प्रश्न

या वेळी चोपडा, शहादा, अमळनेर, भुसावळ, धुळे असे सगळीकडून प्रश्न आलेत, आणि वाचताना जाणवलं की सुचण्याची अडचण कुणालाच नाहीये. हात चांगला आहे, कल्पना भरपूर आहेत, पण काम ठरवताना आणि पार पाडताना गाडी अडते. म्हणून सगळे प्रश्न एकाच अंकात घेतलेत, काहींना लांब उत्तर दिलंय, काहींना थोडक्यात.

प्रश्न : ताई, आमच्याकडच्या एका शाळेच्या कंपाउंड वॉलचं काम मला मिळालंय. ९० फूट लांब, ७ फूट उंच. विषय सातपुडा, केळीच्या बागा, आदिवासी नाच असा आहे. मी १५ दिवसांत करून देतो म्हणालो. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पाहिजे. रेट स्क्वेअर फुटावर तोंडी ठरलाय, लेखी काही नाही. एप्रिल संपत आलाय आणि आता टेन्शन यायला लागलंय. सुरुवात कुठून करू? (चोपडा)

उत्तर : भाऊ, पहिलं म्हणजे अभिनंदन, एवढी मोठी भिंत गावात रोज शेकडो लोकं बघणार. आता रंगाचे डबे आणायच्या आधी एक काम करा. घराच्या मागच्या भिंतीवर नाहीतर एखाद्या प्लायवर ४ बाय ४ फुटाचा तुकडा आखा आणि त्यात तुमच्या डिझाइनमधला मध्यम अवघड भाग पूर्ण रंगवा, म्हणजे दोन हात, आउटलाइन, शेडिंग सगळं, आणि घड्याळ लावून किती तास गेले ते लिहा. समजा ४ तास गेले. तुकडा १६ स्क्वेअर फुटाचा, भिंत ६३० ची, म्हणजे असे साधारण ३९ तुकडे, झाले दीडशेच्या वर तास. आता मे महिन्यात आपल्याकडे बाहेर उभं राहून रोज किती तास काम होतं ते प्रामाणिकपणे सांगा. पारा ४४-४५ ला गेलेला असतो, सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, ओढूनताणून पाच तास. म्हणजे नुसत्या रंगकामालाच ३१ दिवस लागले, आणि तुम्ही बोललात १५.

अजून पुट्टी, प्रायमर धरलंच नाही. १ मे ते १० जून हे ४१ दिवस हातात आहेत असं समजून शेवटाकडून मोजत या. शेवटचे २ दिवस वरच्या क्लिअर कोटला, तो पाऊस यायच्या आत वाळायला पाहिजे. सुरुवातीचे ६ दिवस घासणं, पुट्टी, प्रायमर. मग ३ दिवस ग्रिड मारून ड्रॉइंग उतरवायला. राहिले ३० दिवस, तेही एकही दिवस न चुकता, आणि मे अखेरीला वादळवारं आलं की काय होतं ते तुमच्याकडच्या केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणजे एकट्याने हे काम बसत नाही. सपाट रंग भरायला एक मदतनीस घ्या, तुम्ही फक्त चेहरे, हात-पाय, बारीक काम करा, मग साधारण २० दिवसांवर येतं आणि वादळासाठी आठ-दहा दिवस हातात राहतात. त्या पोराचा रोज बजेटमध्ये आत्ताच धरा आणि संस्थेला आत्ताच जाऊन सांगा की १५ दिवस नाही, १० जून. आत्ता सांगितलं तर कुणी रागवत नाही, १५ मे ला सांगितलं तर रागावतात.

भिंतीकडे पण नीट बघा. प्लॅस्टर नवीन असेल तर निदान चार आठवडे झाल्याशिवाय रंग लावू नका, आतलं पाणी बाहेर येताना रंग घेऊन येतं. जुनी असेल तर खालचा फूटभर भाग हाताने चोळा, पांढरी भुकटी आली म्हणजे लोणा लागलाय, तिथे कितीही भारी रंग लावा, पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे निघतात. तो भाग आधी संस्थेकडून दुरुस्त करून घ्या, नाहीतर तिथे चित्रच नको, साधा गडद पट्टा ठेवा. भिंतीचं तोंड कुठे आहे त्यावर दिवसाचं वेळापत्रक ठरवा, तोंड पश्चिमेला असेल तर सकाळी सावली मिळते, पूर्वेला असेल तर दुपार टळल्यावर. तापलेल्या भिंतीवर अ‍ॅक्रेलिक लावता लावता वाळतं आणि ब्रशचे जोड दिसतात. मिक्स केलेला प्रत्येक रंग पूर्ण भिंतीला पुरेल एवढा एकदाच बनवा आणि झाकणावर त्याच रंगाचं बोट उठवून ठेवा, कारण सातपुड्याचा तो विशिष्ट निळा दुसऱ्यांदा तसाच बनत नाही.

आणि वरून खाली या. अजिंठ्याला जाल तेव्हा २४ नंबरचं अर्धवट राहिलेलं लेणं बघा, तिथे बरेच लोक थांबत नाहीत पण काम करणाऱ्या माणसाने थांबावंच. तिथले काही खांब अजून ओबडधोबड आहेत, ते नेमके कसे काम करत होते ते उघडं दिसतं. आधी छत, मग खाली खाली, त्यामुळे पायाखाली न कोरलेला दगड असायचा आणि परांची बांधायची गरजच पडायची नाही. कामाचा क्रम ठरवला की अर्धा खर्च वाचतो, हे तिथे समोर दिसतं. जळगावहून ६० किलोमीटरच्या आसपास आहे, फक्त सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवा.

आता लेखीचं. स्टॅम्प पेपरच पाहिजे असं नाही, साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. त्यात मोजमाप, रेट, भिंतीची दुरुस्ती कुणी करायची, पाणी आणि परांची कुणाची, तारीख, आणि पैसे कधी कधी मिळणार हे सगळं यायला पाहिजे. मी तर म्हणेन ४० टक्के आधी, ३० ड्रॉइंग उतरल्यावर, ३० शेवटी. आधीच्या पैशात सगळं सामान यायलाच पाहिजे, खिशातून रंग घेऊन काम सुरू करू नका. अजून एक ओळ टाका, बदल कोण सांगणार त्या एका माणसाचं नाव. नाहीतर हेडसर म्हणतात मोर काढा, एक ट्रस्टी म्हणतात मोर नको वाघ काढा, आणि दोघंही आपल्या जागी बरोबर असतात. ड्रॉइंग स्टेजला दोन वेळा बदल मोफत, रंग चढल्यावर बदलाचे वेगळे पैसे.

आणि एक गोष्ट बहुतेक पेंटर लोकांना माहीत नसते. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ प्रमाणे पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पेंटिंग केलं आणि वेगळं काही ठरवलं नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक काम देणारा असतो. उद्या शाळेने तुमचा मोर कॅलेंडरवर, बॅगेवर छापला तर तुम्ही काही म्हणू शकत नाही. म्हणून एकच वाक्य लिहा, 'चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, शाळेला भिंतीचे फोटो वापरता येतील.' कॉपीराइट गेला तरी कलम ५७ प्रमाणे चित्रावर नाव लागण्याचा आणि चित्राची मोडतोड होऊ नये म्हणून दाद मागण्याचा हक्क तुमच्याकडे असतोच. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्युरल १९७९ मध्ये काढून टाकलं होतं, ते कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, भरपाईसुद्धा दिली. म्हणून खाली कोपऱ्यात सही आणि वर्ष ठळक टाका, आणि काम संपल्या दिवशी पूर्ण भिंतीचे फोटो काढून ठेवा.

प्रश्न : मी चित्रकलेची शिक्षिका आहे. आजी, मावशी, गावातल्या बायका यांच्याकडून कानबाईची (श्रावणातला आपला सण), आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), जात्यावरची अहिराणी गाणी मोबाइलवर रेकॉर्ड करतेय, प्रत्येक गाण्याला चित्र काढून पुस्तक करायचं मनात आहे. तीन वर्षं झाली, रेकॉर्डिंग वाढत चाललंय, सुटी चित्रंही खूप झालीत, पण पुस्तक काही होत नाही. अजून किती गोळा करायचं तेच कळत नाही. आजीला गा म्हटलं तर ती म्हणते 'कानबाई येऊ दे, मंग म्हनसू'. (शहादा)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हे काम फार मोलाचं आहे आणि त्याला घाईही आहे. गाणाऱ्या बायका ऐंशीच्या पुढे आहेत. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक १९५२ मध्ये आलं. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्या माणसांनी ती उतरवून ठेवली म्हणून आज आपल्याकडे आहेत. आसोद्याच्या आजूबाजूला त्या काळात अजून किती जणी गात असतील, त्यांचं कुणी उतरवून घेतलं नाही तर ते त्यांच्याबरोबरच गेलं.

म्हणून तुमचं एक काम नाही, दोन कामं आहेत, ती आजपासून वेगळी करा. रेकॉर्डिंग हे चालूच राहणारं काम, त्याला शेवट नसला तरी चालेल. पुस्तकाला मात्र शेवट लागतो. तीन वर्षांत दोन्ही एकमेकांत अडकलेत.

पुस्तकाचं माप आधी ठरवा, मग गाणी निवडा. प्रेसवाले फर्म्यात मोजतात, १६ पानांचा एक फर्मा. तीन फर्मे म्हणजे ४८ पानं. त्यातली ६ पानं टायटल, मनोगत, गाणाऱ्या बायकांची ओळख यात जातील, राहिली ४२, म्हणजे समोरासमोरच्या २१ जोड्या. डाव्या पानावर गाणं, उजव्या पानावर चित्र, झाली २१ गाणी. तुमच्याकडे दीडशे असतील तरी या पुस्तकात २१ च. निवडताना फक्त कानबाई घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, आखाजीचं दुसरं पुस्तक होऊ दे. एका सणाचं पुस्तक वाचणाऱ्याला धरून ठेवतं, नारळाची कानबाई मांडण्यापासून, रोटाचे गहू, रात्रीची जागरणं, ते सोमवारच्या विसर्जनापर्यंत गोष्ट आपोआप पुढे सरकते, तुम्हाला वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही.

मग कोरे ए-फोर कागद घ्या, मधून दुमडा, एकात एक घाला, शिलाई मारा आणि ४८ पानांची डमी बनवा. प्रत्येक पानावर पेन्सिलने लिहा, इथे हे गाणं, इथे हे चित्र. जी चित्रं आधीच झालीत ती छोटी झेरॉक्स काढून चिकटवा. त्या दिवशी तुम्हाला पहिल्यांदा कळेल की नवीन चित्रं किती लागतात, कदाचित दहाबाराच लागतील.

तारीख कानबाईवरूनच ठरवा. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्या दिवशी गावात पुस्तक हातात पाहिजे. तिथून मागे या. छपाई-बायंडिंगला एक महिना, मांडणी आणि प्रूफ तपासायला दीड-दोन महिने (अहिराणीचं प्रूफ बाहेरच्या माणसाकडून तपासून घेऊ नका, तो सगळं 'शुद्ध' करून ठेवेल), म्हणजे चित्रं आखाजीपर्यंत संपली पाहिजेत. दिवाळी ते आखाजी साधारण २४-२५ आठवडे मिळतात. सगळी २१ चित्रं नवीन काढायची ठरवली तरी आठवड्याला एक, आणि परीक्षांच्या दिवसांत तीन-चार आठवडे सुट्टी. शाळेची नोकरी सांभाळून हे होतं.

तुमच्या आजीचं म्हणणं मला पटतं. ही गाणी त्या त्या वेळेलाच त्यांच्या तोंडात येतात, चहाच्या टेबलावर मोबाइल समोर धरला की अर्धी ओळ आठवत नाही. म्हणून वर्षात दोनच मोठे मोके धरा, वैशाखात आखाजी आणि श्रावणात कानबाई, त्या दिवसांत शाळेत रजा टाका, दुसरं काही ठरवू नका. पाळणा, पखवाज, टाळ्यांचा आवाज सगळं येऊ दे. रेकॉर्डिंगला लगेच नाव द्या, गाव, बाईचं नाव, तारीख, पहिली ओळ, आणि त्याच रात्री दुसरीकडे कॉपी करा. मोबाइल एकदा पाण्यात पडला की गेलं. आणि प्रत्येकीला विचारून पुस्तकात तिचं पूर्ण नाव छापा, 'लोकगीत' एवढंच लिहून सोडू नका. तिला प्रत द्या, नातवंडांना दाखवायला.

प्रश्न : आमचा हौशी ग्रुप आहे. राज्य नाट्य स्पर्धेला या वर्षी उतरायचंय. पंधरा जण आहेत, पण तालमीला कधीच पूर्ण येत नाहीत. निम्मे शेतीवाले. सेटला पैसे नाहीत. दिग्दर्शक मीच, मॅनेजर पण मीच. (अमळनेर)

उत्तर : स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीच्या पुढेमागे येते आणि तेव्हाच कापसाची वेचणी जोरात असते, हे दरवर्षीचं आहे, त्यामुळे पोरांवर चिडण्यात अर्थ नाही. एक मोठा कार्डशीट घ्या, आडवे प्रवेश, उभी पात्रं, कोण कुठे आहे तिथे फुली. बघा, पंधरा जण एकत्र असे प्रवेश दोन किंवा तीनच निघतील. बाकी सगळं तिघाचौघांचं. मग तालीम नाटकाच्या क्रमाने घ्यायचीच नाही, ज्या दिवशी जे तिघं मोकळे त्यांचा प्रवेश, रात्री आठ ते दहा. गर्दीचे प्रवेश फक्त रविवारी. पोळ्याच्या आधी, वेचणी सुरू व्हायच्या आत पूर्ण नाटक पाठ, हे मात्र कडक ठेवा.

कागदपत्रं आत्ताच करा. लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नवीन संहिता असेल तर त्यात वेळ जातो. हे काम तुम्ही करू नका. ग्रुपमध्ये ज्याला अभिनय येत नाही पण हिशोब येतो असा एकजण असतोच, त्याला मॅनेजर करा आणि पोस्टरवर त्याचं नाव दिग्दर्शकाच्या खाली लगेच टाका. तो मनापासून करेल.

सेटबद्दल. आपल्याच जळगाव जिल्ह्यात फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात झालेलं पहिलं अधिवेशन, आणि त्याची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी केली. गांधीजींचा आग्रह होता की आजूबाजूला मिळेल त्याच सामानातून करायचं. बांबू, गवत, चटया, टोपल्या, गावातल्या कारागिरांचे हात, यातून पूर्ण नगर उभं राहिलं. एवढा मोठा चित्रकार आपल्या मातीत येऊन आपल्याच बांबूत काम करून गेला, आणि आपण मात्र फ्लेक्स छापायला जळगावला पळतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या पंधरांपैकी निम्मे शेतीवाले म्हणजे पऱ्हाट्या, बारदान, ठिबकच्या जुन्या नळ्या, केळीचे खोके सगळं फुकट आहे. सेट डिझाइन करणाऱ्याला कोरा कागद देऊ नका, आधी या सामानाची यादी द्या आणि म्हणा यातूनच. आणि सेट टेम्पोत मावतो का, किती मिनिटांत लागतो, हे अंगणात दोनदा लावून बघा, स्पर्धेत मांडायला मोजकाच वेळ मिळतो.

प्रश्न : मी लग्नाचे फोटो काढतो. स्वतःचं काम करायची फार इच्छा आहे, भुसावळचे रेल्वे कामगार, त्यांच्या चाळी, पण सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नाही आणि सीझन संपला की पैसे नाहीत. (भुसावळ)

उत्तर : आषाढी ते कार्तिकी चार महिने मुहूर्त नसतात, तोच तुमचा काळ. प्रत्येक लग्नाच्या पेमेंटमधले ठरलेले पैसे वेगळ्या खात्यात टाका, म्हणजे ते चार महिने निघतील. पावसाळ्यातला ढगाळ उजेड माणसांच्या चेहऱ्यांना फार चांगला असतो, चाळीच्या व्हरांड्यात तर अजूनच. स्टेशन आणि यार्डाच्या हद्दीत असं शूट करायला रेल्वेची परवानगी लागते, तो अर्ज लग्नसराई चालू असतानाच देऊन ठेवा. चाळीत मात्र पहिले दोन आठवडे कॅमेरा कमी आणि चहा जास्त.

तुमच्याच जिल्ह्यातल्या चाळीसगावात फोटोग्राफर केकी मूस राहायचे, १९८९ मध्ये गेले. वर्षानुवर्षं घराच्या बाहेर जवळपास पडले नाहीत आणि टेबलावर छोटे छोटे देखावे मांडून फोटो काढले, बघणाऱ्याला खरा डोंगर, खरी वाट वाटावी असे. त्यांचं घर अजून बघता येतं, जाऊन या. कामाची जागा आणि वेळ एकदा ठरवून घेतली की माणूस चाळीसगावच्या एका खोलीतून काय काय करू शकतो ते कळेल.

प्रश्न : प्रोजेक्ट मॅनेज करायला कोणतं अ‍ॅप चांगलं? (जळगाव)

उत्तर : एकट्याने काम करत असाल तर भिंतीवर कालनिर्णय आणि एक वही पुरते. कालनिर्णयच का, तर त्यात मुहूर्त, सण, सुट्ट्या सगळं आधीच छापलेलं असतं आणि आपल्याकडची कामं त्यावरच अडतात. टीम असेल तर जे अ‍ॅप सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आधीच आहे तेच वापरा, फक्त ठरलेल्या तारखा ग्रुपच्या वर पिन करून ठेवा.

प्रश्न : माझं वय २४, जी.डी. आर्ट झालंय. दोन वर्षं फक्त स्वतःचं काम करायचं असेल तर सरकारी मदत मिळते का? (धुळे)

उत्तर : मिळते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. त्यात वय संपतंय असं वाटलं तर पुढे ज्युनिअर फेलोशिप आहे, २५ ते ४० वयासाठी महिना १०,०००, आणि चाळिशीनंतर सीनिअर, महिना २०,०००, दोन्ही दोन वर्षांच्या. अर्ज सीसीआरटी या केंद्राच्या संस्थेमार्फत ऑनलाइन होतात. फेलोशिपला कामाचा आराखडा मागतात आणि तिथेच आपली मुलं मागे पडतात, 'खान्देशची लोककला' असा अख्खा डोंगर लिहून पाठवतात. तुम्ही एक गाव, एक कला, आणि सहा-सहा महिन्यांच्या चार टप्प्यांत काय काय होणार एवढंच लिहा, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी दाखवता येईल असं काहीतरी हातात असलं पाहिजे. आराखडा पाठवायच्या आधी गावातल्या एखाद्या शिक्षकाला वाचायला द्या, त्यांना एका दमात कळला तर पाठवा.